पहिला विरुद्ध आठवा

सिम हॉकी लीगच्या, म्हणजे संगणकाने खेळवलेल्या आइस हॉकीच्या लीगच्या, प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) सर्वांत बेचैन प्राणी कोण? हंगामात पहिला आलेला आणि आता आठव्या क्रमांकाच्या संघाशी सात सामन्यांच्या मालिकेत दोन-एकने मागे पडलेला जीएम, म्हणजे संघ चालवणारा जनरल मॅनेजर. तीन-शून्यवाल्याने निदान आशा सोडलेली असते. दोन-एकवाल्याला वाटत राहतं, कुठेतरी एखादा आकडा चुकलाय. तो सापडला की झालं.

आकडे शोधायला जागाही भरपूर. एसटीएचएस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लीगचंच बघा. सामन्याला वीस नावं द्यायची: बारा फॉरवर्ड (आक्रमक), सहा डिफेन्समन (बचावपटू), दोन गोली (गोलरक्षक). फॉरवर्डच्या तिघा-तिघांच्या चार लाइन्स, प्रत्येकीला वेळेची टक्केवारी. रुळलेली वाटणी ४०, ३०, २०, १०. शिवाय प्रत्येक लाइनला पाच गुण शारीरिक खेळ, बचाव आणि आक्रमण यांत वाटायचे. पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर) वेगळा, पेनल्टी किल (आपला बाहेर) वेगळा, शेवटच्या मिनिटांसाठी आणखी वेगळे रकाने. हे सगळं भरून मुदतीआधी फाइल चढवली की जीएमचं काम संपतं. डबा भरून देणाऱ्यासारखंच आहे हे. मधल्या सुट्टीत काय झालं ते डबा परत आल्यावरच कळणार. वेळही कोणाच्या सोयीची? मॉन्ट्रियलला उन्हाळ्यात रात्री आठला सिम, म्हणजे संगणकाचा खेळ, सुरू झालं, तर पुण्यातल्या जीएमला पहाटे साडेपाचला निकाल बघायला उठावं लागतं.

बारकावे खरे बचावाच्या रकान्यांत. जोड्या तीन, रकाने चार. चौथ्यात सवयीने पहिलीच जोडी पुन्हा टाकली जाते. म्हणजे तिच्या वाट्याला ४० अधिक १०, अर्धा वेळ. दोन्ही संघ पाच-पाच खेळाडूंनिशी खेळतात असा वेळ साधारण पन्नास मिनिटं धरला, तर त्यातली पंचवीस मिनिटं तेच दोघे बर्फावर. वर त्यांनाच पहिल्या पेनल्टी किलमध्ये घातलेलं असतं. हंगामात हे खपून जातं. प्लेऑफमध्ये शूटआउट (गोलीसमोर एकेकट्याने मारायचे फटके) नाही; बरोबरी झाली की वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम, गोल होईपर्यंत. ‘ईएन’, म्हणजे दम, या रकान्यात कमी गुण असलेला डिफेन्समन तिथे उघडा पडतो. चौथ्या रकान्यात तिसरी जोडी घातली तर चाळीस-तीस-तीस अशी वाटणी होते, आणि मालिका लांबणार असेल तर ती शहाणपणाची. शारीरिक खेळाला जास्त गुण देण्याचा मोहही असाच. ज्या लाइनमध्ये शिस्तीचा, ‘डीआय’चा, आकडा कमी आहे तिथे तो गुण पेनल्टीच्या रूपाने परत येतो, आणि समोरच्याचा पॉवर प्ले चांगला असेल तर व्याजासकट.

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास मात्र लोक फुगवून सांगतात. खऱ्या हॉकीत घरच्या मैदानावरच्या कोचला शेवटचा बदल मिळतो. समोरची पहिली लाइन उतरली की आपली बचावाची लाइन पाठवता येते. या फाइलीत ‘त्यांच्या अमक्यासमोर आमचा तमका’ लिहायला रकानाच नाही. तेव्हा त्यांचा सेंटर (मधला फॉरवर्ड) फेसऑफ (खेळ सुरू होताना पकसाठीची झटापट) किती जिंकतो हे तासभर बघून उपयोग एवढाच, की झोप लागत नाही त्याला कारण मिळतं.

आणि तो गोली! आठव्या संघाचा गोली तीन सामने भिंत होऊन उभा राहतो आणि आपल्याकडे शोककळा. हिशेब करून बघा. एक गोली शंभरात ९२ फटके अडवणारा, दुसरा ९०.५. सामन्याला तीस फटके, सात सामन्यांत २१०. दोघांमधला फरक सगळा मिळून तीन गोलांच्या आसपास. पण २१० फटक्यांत एकाच गोलीचे आकडे निव्वळ नशिबाने चार गोल इकडे-तिकडे सहज होतात. म्हणजे बरा गोली कोणता हे ठरवायला अख्खी मालिकाही पुरत नाही आणि आपण तीन सामन्यांवरून आपला गोली बदलायला निघालो. तो बदलावा एकाच कारणासाठी: हंगामाच्या शेवटी पहिल्या गोलीला विश्रांती द्यायला राखीव गोली वर टाकला होता आणि तो तसाच राहिला. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

मालिकेचंही तेच. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर सातांची मालिका जिंकण्याची साधारण ६१. म्हणजे दहातल्या चार मालिका चांगला संघ हरणार, काहीही न चुकता. दोन्ही संघ तुल्यबळ असतील तर मालिका सातव्या सामन्यापर्यंत जाण्याची शक्यता जेमतेम ३१ टक्के. संगणकाला दोष देणाऱ्यांनी खऱ्या एनएचएलकडे, उत्तर अमेरिकेतल्या मुख्य हॉकी लीगकडे, बघावं. २०१९ मध्ये टॅम्पा बे ६२ सामने जिंकून आला आणि कोलंबसने त्याला चार-शून्यने घरी पाठवलं. २०२३ मध्ये बॉस्टनचा हंगामात १३५ गुणांचा विक्रम, फ्लोरिडाचे ९२. बॉस्टन तीन-एकने पुढे, तरी मालिका फ्लोरिडाची.

यावर हटकून १९४२चा दाखला निघतो. टोरोंटो अंतिम मालिकेत डेट्रॉइटविरुद्ध तीन-शून्यने मागे. कोच हॅप डे यांनी गोलांसाठी ओळखला जाणारा गॉर्डी ड्रिलन आणि डिफेन्समन बको मॅकडॉनल्ड यांना संघाबाहेर बसवलं, आणि टोरोंटोने पुढचे चारही सामने जिंकून स्टॅन्ली कप नेला. घटना खरी आहे. त्यानंतर एनएचएलमध्ये तीन-शून्यवरून मालिका फिरवणं १९७५ मध्ये आयलँडर्सना, २०१० मध्ये फ्लायर्सना आणि २०१४ मध्ये किंग्जना जमलं. बस, एवढ्यांनाच. तरी लाइन्स बदलायला हात शिवशिवतच असतील, तर आधी ताज्या सिमनंतरची लीग फाइल उतरवून घ्या आणि मगच लाइन्स उघडा. जुन्या फाइलीवर केलेल्या बदलांत काल जखमी झालेला विंगर अजून दुसऱ्या लाइनवर असतो, आणि मग सॉफ्टवेअर त्याच्या जागी स्वतःच्या मर्जीने कुणालाही बसवतं.