बायबलमधला विटाळ: तुम्ही विचारलंत म्हणून

बायबलमध्येही विटाळ सांगितलेला आहे, मग आमच्या सोवळ्या-ओवळ्यात आणि त्यात फरक तो काय, असे हिंदू मित्र मला नेहमी विचारतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) स्त्रियांचा प्रश्न अधिक नेमका असतो: पाळीच्या दिवसांत आम्ही देवापुढे पापी ठरतो का, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, घ्यावे की नाही?

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचे ११ ते १५ हे अध्याय आणि गणना या पुस्तकाचा १९वा अध्याय सलग वाचला, तर अशुद्ध ठरणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा काहीच वावगे केलेले नसते, हे ध्यानात येते. बाळंतीण अशुद्ध असते, पाळी आलेली स्त्री सात दिवस अशुद्ध असते, आणि नवरा-बायकोचा संबंध आला तर दोघांनीही स्नान करायचे व संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहायचे. प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. पण घरातल्या मृताला मूठमाती देणे हे तर कर्तव्यच. तांबड्या कालवडीचा विधी याहून विलक्षण आहे: तिची राख घातलेले पाणी प्रेताने विटाळलेल्या माणसावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडले की तो शुद्ध होतो, पण कालवड जाळणारा, राख गोळा करणारा आणि त्या पाण्याला शिवणारा हे तिघेही संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतात. पापाचा हिशेब असा चालत नाही. विटाळ झालेल्याने पवित्रस्थानी यायचे नाही आणि अर्पणाचे मांस खायचे नाही, एवढीच मुख्य मनाई होती. दोष लागे तो विटाळ तसाच ठेवून पवित्र गोष्टींजवळ जाण्याचा.

मग लेवीयात बाळंतिणीला पापार्पण, म्हणजे पापाबद्दल करायचे अर्पण, सांगितले आहे ते कशासाठी, असे कोणी विचारले तर ती शंका रास्तच म्हणावी लागेल. मात्र त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात नकळत आज्ञा मोडणाऱ्याने पापार्पण केले की ‘त्याला क्षमा होईल’ असे म्हटले आहे, तर बाराव्या अध्यायात बाळंतिणीविषयी क्षमेचा शब्दही नाही. ती ‘शुद्ध होईल’ एवढेच आहे. बाळंतीण शुद्ध होईपर्यंत मुलगा झाल्यास ४० दिवस आणि मुलगी झाल्यास ८० दिवस, हा दुपटीचा नियम मात्र मला आजवर पटलेला नाही. मूळ वचनात त्याचे कारण दिलेले नाही, आणि भाष्यकारांनी मागाहून जोडलेल्या कारणांवर माझा विश्वास बसत नाही. त्वचारोग्याने फाटके कपडे घालून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत इस्राएली लोकांच्या छावणीबाहेर राहावे, हा नियमही कितीही समजूत घातली तरी कठोरच राहतो.

विटाळामुळे वाट कायमची बंद होऊ नये, याची काळजी मात्र या नियमांत दिसते. गणनाच्या नवव्या अध्यायात प्रेताच्या विटाळामुळे वल्हांडण सण (मिसर देशातल्या गुलामीतून सुटकेची आठवण) चुकलेली काही माणसे त्यांचा पुढारी मोशे याला गाठून ‘आम्हांला का वगळता?’ असे थेट विचारतात. मोशे त्यांना दटावत नाही. तो देवाला विचारतो, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या महिन्याच्या १४व्या दिवशी वेगळे वल्हांडण ठरते.

हिंदू मित्रांना द्यायचे उत्तर इथेच सापडते. स्त्रीच्या पाळीपुरते आणि सुतकापुरते पाहिले तर दोन्हींत साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जन्मानेच अशुद्ध ठरलेली आणि कोणत्याही स्नानाने शुद्ध न होणारी जात लेवीयात कुठेही नाही. आमच्या मंडळ्यांमध्ये जातीचा विटाळ शिरला तो गावातून, बायबलमधून नव्हे, आणि हे सांगताना मला अभिमान वाटण्याजोगे काही नाही.

राहिला स्त्रियांचा प्रश्न. यरुशलेमच्या ज्या मंदिराच्या पावित्र्यासाठी ही मनाई होती ते रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले. परंपरा पाळणारे यहुदी पाळीनंतरचे स्नान आजही पाळतात, पण तो त्यांच्या वैवाहिक जीवनाचा नियम आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पाचव्या अध्यायात १२ वर्षे रक्तस्राव होत असलेली स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते, तेव्हा तो तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो आणि विटाळाचा उल्लेखही करत नाही. म्हणून पाळीत प्रभुभोजन घ्यावे का, याला माझे उत्तर ‘अवश्य घ्यावे’ असे आहे; आणि कोणी वडीलधाऱ्यांनी हरकत घेतलीच, तर त्यांना आधी लेवीयाचा १५वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला सांगावे, कारण त्याची सुरुवात पुरुषांच्या विटाळापासून होते.