तूस कोरडं होतं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोहोळ तालुक्यातल्या कोंबड्यांच्या एका शेडवरून फोन आला. पिल्लं 9 दिवसांची, लॉट 5,000 चा. सहाव्या दिवसापर्यंतची मरतुक 38, म्हणजे तक्रार करण्यासारखी नव्हती. सातव्या दिवशी 22, आठव्या दिवशी 61, आणि नवव्या दिवशी सकाळी नऊच्या आतच 47. पिल्लं आणि खाद्य देणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरने आदल्या संध्याकाळी मोबाईलवर मेलेल्या पक्ष्यांचे फोटो बघून ‘ईकोलाय’, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, ठरवलं होतं. गावातल्या दुकानातून सल्फा हे जिवाणूंवरचं औषध आणून पाण्यात टाकूनही झालं होतं.

फोटोत ते ईकोलायसारखंच दिसतं, हे कबूल. हृदयावर आणि यकृतावर पांढरा थर दोन्हींत असतो. फरक हाताला कळतो. ईकोलायचा थर सायीसारखा असतो, चिमटीत धरून ओढला की पापुद्रा निघतो. इथे सुरीच्या पात्याने खरवडलं तर खडूची भुकटी निघाली, बोटांत चोळली तर कचकच लागली. 14 पक्षी उघडले, 11 मध्ये हेच. किडन्या फिकट आणि सुजून खाचेतून वर आलेल्या, मूत्रनलिका पांढऱ्या दोऱ्यासारख्या ठासून भरलेल्या. गाऊट. किडनी थकली की युरिक आम्ल रक्तात साठतं आणि जागा मिळेल तिथे बसतं. ती कशाने थकली, हे मात्र मढं उघडून कळत नाही. सल्फाही किडनीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे अशा पक्ष्याला ते देणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी राख ओतणं. 2019 मध्ये कोंबड्यांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर बंदी आली, पण ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ ही मागणी तशीच आहे, आणि देणारेही तेच आहेत.

माझं लक्ष गेलं ते गळ्याखालच्या अन्नपिशवीकडे. दाबून पाहिली तर आत खाद्य कोरडं, वाळूच्या पुरचुंडीसारखं. पाणी पोचलेलं पिल्लू असेल तर ती भिजवलेल्या पिठासारखी मऊ लागते. मेलेले पक्षी कुठे सापडतात विचारलं. “सगळी तिकडच्या टोकाला बघा की सर, टाकीकडं एखादंच,” शेतकरी म्हणाला.

मग निपलचं, म्हणजे पिल्लू चोच लावतं त्या लाईनवरच्या तोट्यांचं, पाणी मोजायला घेतलं. यात अवघड काहीच नाही: निपलखाली मापाचा पेला धरायचा, पिन बोटाने वर दाबून ठेवायची, घड्याळ लावून एक मिनिट मोजायचं. या वयाला मिनिटाला साधारण 30 ते 40 मिली मिळालं तर पिल्लाचं भागतं. टाकीकडच्या निपलला 34 मिली आले. मधल्या भागात 19. शेवटच्या टोकाला 6, 8, आणि पाच निपल ठणठणीत कोरडे. एक खोलून पाहिला तर पिनभोवती चुन्यासारखा क्षार. बोअरचं पाणी मचूळ, चहाच्या पातेल्यालाही पांढरं कडं धरणारं. दोन लॉटच्या मधल्या सुट्टीत लाईनमध्ये सायट्रिक ॲसिड रात्रभर भरून ठेवायचं आणि सकाळी जोरात पाणी सोडून धुवायचं, एवढं काम या वेळी राहून गेलं होतं.

पण नुसत्या क्षाराने इतका फरक पडत नाही. लाईनचं प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरच्या पारदर्शक नळीत पाणी जेमतेम बोटभर उंच. कारण विचारलं तेव्हा कळलं की मागच्या लॉटला लाईनखाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं झालं, कॉक्सी हा आतड्याचा आजार आला आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. म्हणून या वेळी प्रेशर कमीच ठेवलं. तूस खरोखरच सुरेख कोरडं होतं. नऊ दिवसांत दोनदा भेट देऊन गेलेल्या सुपरवायझरने त्याचं कौतुकही केलं होतं. कोरडं तूस डोळ्यांना दिसतं. निपलचं पाणी मोजायला वाकावं लागतं, आणि भेटीच्या फॉर्मवर त्याला रकानाच नाही.

त्यात टाकी काळी, पत्र्यावर उघडी. दुपारी अडीच वाजता त्या पाण्यात हात धरवेना. पाणी तापलं की पिल्लू चोच लावून मागे सरतं. आणि त्यावर सोडा. पक्षी धापा टाकायला लागला की रक्तातला बायकार्बोनेट कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात खाण्याचा सोडा देतात. पण 9 दिवसांच्या पिल्लाला मुळातच 30 अंशांच्या आसपास ऊब लागते, त्याला तो इतक्या घाईने कशाला? टाकी 500 लिटरची, डोस एक किलो, म्हणजे लिटरला 2 ग्रॅम. इथवर ठीक म्हणू. पण टाकी अर्धी झाली की ती भरून पुन्हा एक किलो पडत होता. दुसऱ्या वेळी लिटरला 3 ग्रॅम, तिसऱ्या वेळी साडेतीन, आणि असंच चालू ठेवलं तर 4 पर्यंत. सोड्यातलं हे सोडियम किडनीलाच बाहेर टाकावं लागतं. मचूळ पाण्यातलं सोडियम वेगळं, खाद्यातलं मीठ वेगळं.

सोडा आणि सल्फा बंद. टाकी रिकामी करून तिच्यावर ओली पोती टाकली. प्रेशर वाढवलं, चालू लॉटमध्ये लाईनला ॲसिडचा मारा शक्य नव्हता म्हणून बंद निपल एकेक काढून धुतले, टोकाला हाताने भरायचे ड्रिंकर ठेवले. तीन दिवस खाद्य कमी करून मक्याचा भरडा, पाण्यात लिटरला 5 ग्रॅम गूळ. नवव्या दिवसाचा आकडा 94 वर थांबला, बाराव्या दिवशी 31, चौदाव्याला 9.

इथवर सगळं जुळतं. पण शेजारच्या चुलतभावाच्या शेडमध्ये त्याच हॅचरीची, त्याच दिवशी उतरलेली पिल्लं होती. खाद्याची गाडीही तीच. तिथे बेल ड्रिंकर, म्हणजे घंटेच्या आकाराची टांगती भांडी, पाणी भरपूर, सोडा अजिबात नाही. मरतुकही साधीच. तरी तिथल्या सहा मेलेल्यांपैकी दोघांत गाऊट सापडला. किडनीचे तुकडे बर्फात पॅक करून पुण्याला पाठवले. आयबी या कोंबड्यांच्या विषाणूजन्य आजाराचा पीसीआर पॉझिटिव्ह आला. आयबीचे काही प्रकार थेट किडनीवरच बसतात, म्हणून शेतकऱ्याने तो कागद ‘पिल्लंच आजारी दिली’ असा वाचला. कंपनीने त्याच कागदात ‘लस दिसतेय’ असं वाचलं, कारण हॅचरीत पहिल्याच दिवशी आयबीची जिवंत लस फवारतात आणि साधा पीसीआर लसीच्या विषाणूलाही पॉझिटिव्ह येतो. दोघांनाही खोटं ठरवता येत नाही. फरक कळायला विषाणूच्या एस1 जनुकाचं सिक्वेन्सिंग करावं लागतं. ते कोणी केलं नाही, कारण खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा हेच ठरलं नाही.

कारणाच्या रकान्यात मी ‘पाण्याची कमतरता व सोडियमचा अतिरेक, आयबीची शक्यता’ असं लिहिलं. पुढे हिशेबाच्या कागदावर त्यातलं पहिलं अर्धंच उतरलं आणि ग्रोइंग चार्ज, म्हणजे कंपनी शेतकऱ्याला देते तो संगोपनाचा मोबदला, कापला गेला.

पुढचा लॉट जूनअखेर पडला. तोवर टाकीला चुना मारला होता, लाईन ॲसिडने धुतली होती. शेवटच्या निपललाही 33 मिली मिळत होते आणि मरतुक साधी राहिली. पण तोवर पाऊसही झाला होता.