एक दाब, एक आवाज

वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचं माहेर. दिवाळी झाली, हंगाम लागला की माझ्या दुरुस्तीच्या दुकानात अँप्लिफायर आणि माइकची रांग लागते. त्या दिवशी मात्र एका मंडळाचा गिटारवाला पोरगा स्वतः बनवलेला इफेक्ट पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा डबा, घेऊन आला. आत आवाजावर इफेक्ट देणारी एफव्ही-१ चिप. तिच्यात आवाजाचे आठ प्रोग्रॅम मुळातच भरलेले असतात. तीन पिनांपैकी कुठे ३.३ व्होल्ट आणि कुठे शून्य, यावर कुठला वाजायचा ते ठरतं. त्यासाठी त्याने फिरवायचा स्विच लावला होता.

"दादा, लावणी संपली का लगेच रडण्याचा सीन येते. वाकून स्विच फिरवाव तं हात सुटते जी. पायानं झालं पाहिजे. अन् नाटक आजच आहे."

त्याला तीनच आवाज हवे होते: कोरस-रिव्हर्ब (अनेक गिटारी एकदम वाजल्यासारखा), ट्रेमोलो-रिव्हर्ब (लहानमोठा होत थरथरणारा) आणि नुसता रिव्हर्ब (घुमणारा). म्हणजे क्रमांक ०, २ आणि ६. या तिन्हीत त्या तीन पिनांपैकी एस-झिरो शून्यच राहते, ती सरळ ग्राउंडला टाकली. उरलेल्या दोन एटीटायनी८५ला दिल्या; ही प्रोग्रॅम भरता येणारी छोटी चिप, दर दाबाला पुढचा आवाज लावायचं काम तिचं. फूटस्विच मात्र बेलच्या बटनासारखा घेतला, दाबला की जुळणारा, सोडला की सुटणारा. खटकन अडकून बसणारा इथे कामाचा नाही. सुरू केल्यावर नेहमी पहिलाच आवाज लागेल असंही केलं. अंधारात पायाला सुरुवात तरी ठाऊक हवी.

दुकानात बोटाने दाबून दाबून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. संध्याकाळी गावात साउंड चेकला त्याने पाय मारला आणि ट्रेमोलो ओलांडून थेट रिव्हर्ब लागला. पुन्हा मारला, बरोबर. मग परत उडी. पोराचा चेहरा उतरला. भर थंडीत मला घाम फुटला.

चूक माझीच होती. स्विचच्या पत्र्या जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून दाबल्यावर मी २० मिलिसेकंद थांबत होतो. पण सुटतानाही त्या तशाच थरथरतात. त्यात चपलेतला पाय बोटासारखा झटकन उठत नाही, सरकत सरकत उठतो. ती सुटतानाची थरथर माझा प्रोग्रॅम नवा दाब म्हणून मोजत होता.

बरं झालं, एटीटायनी डाग न देता बेसमध्ये (सॉकेटमध्ये) खोचलेली होती. बारीक पेचकसाने अलगद उचलली, तिच्यात प्रोग्रॅम भरायला आर्डुइनो बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलो. एकच अट वाढवली: स्विच सलग ५० मिलिसेकंद सुटलेला दिसल्याशिवाय पुढचा दाब धरायचा नाही. परत बसवताना एक पिन वाकली. ती चिमट्याने सरळ करताना मी श्वास रोखून धरला होता.

"मार आता."

त्याने टाचेने मारला, चवड्याने मारला, मुद्दाम घासत घासत सोडला. दर वेळी एकच पायरी.

रात्री वाजवणाऱ्यांच्या मागेच सतरंजीवर बसलो. नाटक काय चाललंय याकडे लक्ष नव्हतं, मी त्याच्या पायाकडे बघत होतो. लावणी संपली. पाय एकदाच दबला, ट्रेमोलो लागला. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.