आमची वाटचाल : हिरवळ कापण्यापासून जमीन झाकण्यापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात २००५ साली नागपुरात लॉन घालून देण्याच्या आणि त्याची देखभाल करण्याच्या कामापासून झाली. त्या काळी ग्राहकाच्या मनात बाग म्हणजे लॉन असे जणू ठरलेलेच असे. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांपुढची ऐसपैस हिरवळ डोळ्यांसमोर ठेवून प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर अशा वस्त्यांत लोक घरे बांधत होते आणि प्रत्येकाला आपल्या दारापुढे तिचा निदान एक तुकडा हवा होता. लग्नकार्यांसाठी भाड्याने दिली जाणारी मोठी लॉन्स हे आमचे दुसरे मोठे गिऱ्हाईक होते. आज आमच्या कामाचा मोठा भाग नेमका याच्या उलट आहे. जिथे गवताची गरज नाही तिथून ते काढणे आणि त्या जागी स्वतःच्या बळावर तग धरेल असे काहीतरी लावणे, हे आता आमचे मुख्य काम झाले आहे. हा बदल का आणि कसा झाला, हे आमच्या जुन्या व नव्या ग्राहकांसाठी येथे मांडत आहोत.

नागपुरात हिरवळ टिकवणे अवघड का, याचे उत्तर आधी पाण्यात आणि मग मातीत आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे एक लिटर पाणी लागते. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांच्या, सुमारास पारा ४५ अंशांच्या पुढे असताना, वारा कोरडा असताना, गवत हिरवे ठेवायचे तर त्याला रोज पाच ते सहा मिलिमीटर पाणी द्यावेच लागते. म्हणजे हजार चौरस फुटांच्या, अर्थात सुमारे ९३ चौरस मीटरच्या लॉनला दिवसाला अंदाजे ५०० लिटर पाणी हवे, आणि पाइपने दिलेल्या पाण्यातले बरेचसे उडून किंवा वाहून जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक खर्ची पडते. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिले. तशा दिवसांत सकाळी भिजवलेले लॉन दुपारी चारपर्यंत करड्या रंगाकडे झुकलेले असे आणि संध्याकाळी पुन्हा मोटर सुरू करावी लागे.

माती ही दुसरी अडचण आहे. येथील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात त्या भेगांत हाताची बोटे सहज जातात आणि पावसाळ्यात तीच माती इतकी गच्च मिटते की पाणी दिवसचे दिवस वर साचून राहते. नाजूक कार्पेट गवताची मुळे त्या साचलेल्या पाण्यात कुजतात. यावर उपाय म्हणून वरचा थर उकरून तेथे लाल माती, रेती आणि शेणखत यांचे मिश्रण भरण्याची पद्धत आहे आणि आम्हीही वर्षानुवर्षे ट्रॉल्याच्या ट्रॉल्या माती आणून ओतली. परंतु त्या मातीबरोबर आणि खताबरोबर लव्हाळाही येतो. लव्हाळ्याचे पाते उपटले की हाती फक्त पाते येते. खुरप्याने खोल उकरत गेले तर काळपट गाठींची एकाला एक जोडलेली माळ सापडते, तिच्यातली एकही गाठ मागे राहिली की काही दिवसांत तेथून नवा कोंब वर येतो. पावसाळाभर आमचे माळी हेच करीत असत. ग्राहक देखभालीचे पैसे देत होते ते गवत वाढवण्यासाठी, पण त्यातला मोठा वाटा खर्च होत होता तो नको असलेले गवत काढण्यात.

हे सर्व जाणवत असूनही ग्राहकांसमोर दुसरा मार्ग ठेवण्याची वेळ २०१९ मध्ये आली. त्या वर्षी शहराला पाणी पुरवणाऱ्या पेंच प्रकल्पातील तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला, पाऊस लांबला आणि जुलै महिन्यात महानगरपालिकेला दिवसाआड पाणीपुरवठा करावा लागला. घरात पिण्याच्या पाण्याचे पिंप भरून ठेवले जात असताना अंगणातल्या गवतावर पाइप धरणे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. एकापाठोपाठ एक लॉन्स वाळली, आणि पाऊस आल्यावर ती पुन्हा लावण्याऐवजी बऱ्याच ग्राहकांनी आम्हाला विचारले की गवतच लावायला हवे का. त्रिमूर्तीनगरातील एका सेवानिवृत्त शिक्षिकेचा प्रश्न आमच्या कायमचा लक्षात राहिला. त्या म्हणाल्या, “भाऊ, आमच्या माहेरी अंगणात गवत नव्हतंच. सडा घातला, रांगोळी काढली की अंगण झालं. पण नातवंडं येतात, त्यांना पडायला-धडपडायला मऊ जागा हवी. तेवढीच ठेवा, बाकीचं तुम्ही बघा.” काकूंच्या या बोलण्यातून आमची आजची कामाची पद्धत ठरली. आधी अंगणाचा कोणता भाग कोण, कधी आणि कशासाठी वापरतो हे विचारायचे, आणि त्यानंतरच तेथे काय लावायचे हे ठरवायचे.

पर्याय शोधताना ग्राहक मोबाइलवर परदेशातील बागांची छायाचित्रे दाखवीत असत. पांढऱ्या क्लोव्हरचे गालिचे, जांभळ्या फुलांनी भरलेले थाइम, किंवा निवडुंग आणि गोटे यांनी सजवलेली कोरडी बाग असे त्यांत असे. क्लोव्हर आणि थाइम या थंड हवामानाच्या वनस्पती आहेत, नागपूरचा मे महिना त्या काढू शकत नाहीत, हे सांगणे सोपे होते. कोरड्या बागेचे प्रकरण मात्र समजून घेण्यासारखे आहे. कमी पाण्याच्या बागेसाठी ‘झेरिस्केप’ हा शब्द १९८१ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागात रूढ झाला. डेन्व्हरला वर्षभरात मिळून चारशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. नागपुरात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे तेथे उत्तम चालणारा निवडुंग येथे उन्हाळा सहज काढतो आणि ऑगस्टमध्ये काळ्या मातीत बुडापासून सडतो. चिनी गुलाबाचेही तसेच होते. तो कुंडीत किंवा उंच वाफ्यात शोभतो, पण सपाट जमिनीवर झड लागली की जातो. आपल्या शहरात जमीन झाकणाऱ्या वनस्पतीला मे आणि जुलै हे दोन्ही महिने सोसता आले पाहिजेत. हा निकष लावला की यादी फार छोटी होते आणि तिच्यात इथल्या वनस्पती पुढे राहतात.

त्यांपैकी आमचा सर्वाधिक भरवसा जलपिंपळीवर आहे. तलावांच्या काठी आणि नाल्यांच्या कडेला ती आपोआप वाढते, म्हणून पावसात पाय ओले राहिले तरी तिचे बिघडत नाही, आणि एकदा मुळे खोल गेली की उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा मिळालेल्या पाण्यावरही ती जिवंत राहते. तिची पाने लहान, टोकाकडे दातेरी आणि किंचित जाड असतात. वेल जमिनीला चिकटून पसरतो आणि प्रत्येक पेराशी मूळ धरतो, त्यामुळे एका रोपापासून पेरे तोडून पुढची रोपे करणे सोपे जाते. फुलोरा नखाएवढा असतो. मध्यभागी काळपट जांभळा गोल गुंडा आणि त्याभोवती पांढुरक्या, फिकट जांभळ्या चिमुकल्या फुलांचे एक कडे. त्यावर मधमाश्या सतत येतात आणि ‘पीकॉक पॅन्सी’ या फुलपाखराच्या अळ्या तिची पाने खातात. मधमाश्यांमुळेच लहान मुले अनवाणी खेळतात त्या जागेत आम्ही ती लावत नाही, हे ग्राहकाला आधी सांगतो. कडक उन्हाळ्यात ती थोडी विरळ होते, मृगाच्या पावसाने पुन्हा भरते. वर्षातून दोन-तीन वेळा कापली तरी पुरते.

मुलांच्या खेळण्याच्या जागेसाठी आजही साध्या हरळीला तोड नाही. परदेशी नावाच्या नाजूक गवतांपेक्षा ती काटक आहे, तुडवणे सोसते, उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पाऊस येताच हिरवी होते. दोन महिने तिला पिवळी पडू द्यायची तयारी असेल तर तिचे पाणी फारच कमी होते. ही तयारी ग्राहकाच्या मनाची असते, मातीची नव्हे, आणि आमचा बराच वेळ ती करण्यात जातो.

आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या गर्द सावलीत कोणतेच गवत नीट वाढत नाही आणि तेथे हट्टाने लॉन लावणे म्हणजे दरवर्षी तेच पैसे पुन्हा घालवणे होय. अशा जागी मोंडो ग्रास, रिओ आणि स्पायडर लिली या सावली सोसणाऱ्या शोभेच्या वनस्पती उत्तम चालतात. मोंडो फार सावकाश पसरते, पण पसरल्यावर कात्रीची गरजच पडत नाही. अर्धवट उन्हात, थोडे पाणी मिळू शकेल तेथे, शोभेचा भुईमूग लावता येतो. तो पिवळी फुले देतो आणि शेंगवर्गीय असल्यामुळे मातीत नत्र धरतो. उतारावर आणि पाणी वाहून जाणाऱ्या कडेला आम्ही वाळा लावतो. कूलरच्या ताट्यांमुळे विदर्भाला त्याचा सुगंध परिचित आहेच, पण त्याची सरळ खोल जाणारी मुळे माती धरून ठेवतात, हा त्याचा बागेतला खरा उपयोग आहे. कडेने रेन लिलीचे कंद पेरून ठेवले तर पहिल्या पावसानंतर काही दिवसांतच त्यांना फुले येतात. वेडेलिया या पिवळ्या फुलांच्या वेलाची मागणी वारंवार होते, कारण तो झपाट्याने पसरतो आणि स्वस्त पडतो. तो कुंपण ओलांडून शेजारच्या मोकळ्या जागा आणि नाले व्यापतो, म्हणून आम्ही तो लावत नाही.

आता पेव्हर, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, आणि कृत्रिम गवत यांविषयी. पाण्याचा प्रश्न सुटावा म्हणून अनेकांनी संपूर्ण अंगणात पेव्हर बसवून घेतले, आणि असे काम आमच्याकडे मागितलेही जाते. पण पेव्हरवर मुलांना खेळता येत नाही, दुपारच्या उन्हाने तापलेली ती जमीन रात्री उशिरापर्यंत घराच्या भिंतींना गरम ठेवते, आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी थेट रस्त्यावर जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना पाणी मुरू देणाऱ्या प्रत्येक वीतभर जमिनीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्या रात्रीच्या पावसापुढे एखाद्या अंगणाने काय केले असते, असे कोणी विचारील. एका अंगणाने फारसे काही नाही, पण आम्ही कामे अंगणा-अंगणानेच करतो आणि आमच्या हातात तेवढेच आहे. कृत्रिम गवताची कामे आम्ही घेत नाही. नागपूरच्या मे महिन्यात त्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही आणि काही वर्षांत त्याचे प्लास्टिकचे तंतू झडून मातीत मिसळतात. या निर्णयामुळे काही मोठी कामे हातची गेली, तरीही तो आम्हाला योग्य वाटतो.

चालण्यासाठी, गाडी लावण्यासाठी किंवा तुळशीवृंदावनाभोवती कोरडी जागा हवी असेल तर आम्ही मुरूम आणि बारीक गिट्टी वापरतो. काळ्या मातीवर नुसती गिट्टी अंथरली तर दोन पावसाळ्यांत ती मातीत रुतून नाहीशी होते. म्हणून आधी माती उकरून, मुरूम दाबून, त्यावर पाणी खाली जाऊ देणारे जिओटेक्स्टाइल कापड घालून मग गिट्टी पसरावी लागते. फरशीचे तुकडे हवे असल्यास ते सुटे ठेवून मधल्या फटींत जलपिंपळी किंवा हरळी सोडतो. पश्चिमेच्या भिंतीलगत मात्र गिट्टी टाळतो, कारण तेथील तापलेला दगड शेजारच्या झाडांना होरपळवतो.

व्यवसायाच्या दृष्टीने हा बदल सोपा नव्हता, हे मोकळेपणाने सांगायला हवे. लॉनच्या देखभालीचे मासिक करार हा आमच्या उत्पन्नाचा कणा होता. ज्या अंगणाला कापणीच लागत नाही तेथे दरमहा पैसे कशाचे घ्यायचे? आम्ही मासिक करारांऐवजी वर्षातून ठरावीक भेटींचे करार सुरू केले, जमीन तयार करण्याच्या कामाला स्वतंत्र मोल लावले आणि जमीन झाकणारी रोपे स्वतःच्या नर्सरीत वाढवू लागलो. आज नर्सरीतून इतर बागकाम करणाऱ्यांनाही रोपे जातात. माळ्यांना नव्याने शिकवावे लागले, कारण इतकी वर्षे जे तण म्हणून उपटले तेच आता निगुतीने लावायचे होते. आमच्याकडे सुरुवातीपासून असलेल्या एका माळीकाकांनी जलपिंपळीची पेरे ओल्या पोत्यात गुंडाळून मुळे फोडण्याची पद्धत बसवली, आणि नर्सरीचे ते काम आजही तेच पाहतात.

कमी देखभाल याचा अर्थ देखभाल नाही, असा नव्हे. पहिले वर्ष कष्टाचे असते. रोपे एकमेकांना भिडून जमीन पूर्ण झाकेपर्यंत मधल्या मोकळ्या मातीत गाजर गवत आणि लव्हाळा उगवणारच आणि ते हाताने काढावेच लागणार. उघडी जागा पालापाचोळ्याने झाकली तर हे काम बरेच हलके होते. पानगळीचा पाला जाळू नये, तो आम्हाला द्यावा किंवा कोपऱ्यात साठवावा, अशी विनंती आम्ही प्रत्येक ग्राहकाला करतो. नागपूरच्या उन्हाचाही उपयोग करून घेता येतो. एप्रिल-मेमध्ये जमीन खणून, सपाट करून, भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट दाबून ठेवले की खालच्या उष्णतेने तणांचे बरेचसे बी मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी त्याने संपत नाहीत, त्या आधी खणूनच काढाव्या लागतात.

यामुळे आमच्या कामाचे वेळापत्रकही ऋतूप्रमाणे ठरलेले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जागा पाहून, ऊन-सावली, उतार आणि पाण्याची सोय तपासून आराखडा करतो. एप्रिल-मेमध्ये जमीन तयार होते. मृगाचा पाऊस नीट लागला की लावणी होते, आणि उशिरात उशिरा जुलैअखेर ती संपवतो, म्हणजे पावसाळा संपण्यापूर्वी मुळे खोल जातात. दिवाळीनंतर पहिली भेट आणि होळीच्या सुमारास दुसरी. ज्यांना येत्या पावसाळ्यात लावणी करायची आहे त्यांनी होळीपूर्वी जागा दाखवावी. त्या वेळी घरातील मुले आणि वडीलधारी मंडळी हजर असल्यास उत्तम, कारण अंगण प्रत्यक्षात कोण वापरते हे तेच सांगू शकतात.