भूत दिसायच्या आधी

सगळ्यात भीतिदायक सिनेमा कोणता, असं विचारलं की लोक बहुधा एखादा चेहरा सांगतात. मान गर्रकन फिरवणारी मुलगी. टीव्हीतून बाहेर सरपटणारी, केस मोकळे सोडलेली बाई. फोडलेल्या दारातून आत डोकावणारा कुऱ्हाडवाला. आता तोच चेहरा भर दुपारी मोबाइलवर थांबवून पाहा. मेकअप दिसतो, प्रकाश कुठून टाकलाय ते दिसतं, थोडं हसूही येतं. भीती त्या चेहऱ्याच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत साठत गेलेली असते. चेहरा आला की ती फुटते, एवढंच.

दचकणं आणि घाबरणं ही मुळात दोन वेगळी प्रकरणं आहेत. दचकणं ही निव्वळ शरीराची क्रिया. अचानक मोठा आवाज झाला की ३० ते ५० मिलीसेकंदांत पापण्यांचे स्नायू आकसतात, पाठोपाठ खांदे वर येतात, मान आत जाते. मेंदूला अजून काय झालं हे कळलेलंही नसतं. फुगा फुटला तरी हेच होतं. त्यामुळे ‘या सिनेमात मी दहा वेळा उडालो’ म्हणजे सिनेमा भीतिदायक आहे असं नव्हे. दहा वेळा आवाज मोठा होता, इतकंच.

तरी दचकवणंही कारागिरी आहे आणि तिचा धडा १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये जवळजवळ पूर्ण लिहून ठेवलाय. रात्रीच्या रस्त्यावर एक बाई चालतेय, मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. मग मागचा आवाज थांबतो. आता फक्त हिचीच पावलं. ती वळून पाहते, कुणी नाही. वेग वाढतो. आपण तिच्या मागच्या अंधारात काहीतरी शोधत बसलेलो असतो आणि पडद्याच्या बाजूने एक बस फिस्कारत आत घुसते. बस! साधी बस. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. यात तीन गोष्टी जमून याव्या लागतात: आधीची शांतता, लक्ष एका दिशेला ओढलेलं, आणि धक्का दुसऱ्या दिशेने. यातली एक जरी निसटली तरी प्रेक्षक उडत नाही, नुसता वैतागतो. हल्ली सगळ्यात जास्त निसटते ती शांतता. संगीत आधीच चढायला लागतं, प्रेक्षक कानावर हात ठेवून मोकळा. आणि तोच धक्का दर दहा मिनिटांनी दिला तर शरीराला सवय होते. पाचव्या वेळेला पापणीसुद्धा हलत नाही.

उलट, १९९० च्या ‘द एक्झॉर्सिस्ट ३’मधला इस्पितळाच्या कॉरिडॉरचा प्रसंग बघा. रात्रीची वेळ, लांबच लांब कॉरिडॉर, कॅमेरा त्याच्या एका टोकाला ठेवलेला आणि तो हलत नाही. मध्ये कुठेतरी नर्सचं टेबल. संगीत नाही. नर्सला कसलासा आवाज येतो, ती एका खोलीत जाते. ग्लासातला बर्फ तडकत असतो. तेवढ्यात पलंगावरचा माणूस ताडकन उठून ओरडतो. झालं, दचकून झालं, आपण सैल पडतो. कॅमेरा परत त्याच टोकाला. माणसं येतात, जातात. काहीच घडत नाही, आणि ते इतका वेळ घडत नाही की आपणच कॉरिडॉरमधलं एकेक दार तपासायला लागतो. नर्स आणखी एका खोलीत डोकावते, बाहेर येते, दार ओढून घेते, पाठ फिरवून चालू लागते. आणि तिच्या मागून पांढऱ्या कपड्यांतली एक आकृती भलीमोठी कात्री पुढे धरून येते. इतका वेळ दगडासारखा बसलेला कॅमेरा त्या क्षणी झपकन झूम होतो. पुढचं दाखवतच नाहीत, कट.

इथे धक्का तोच, ‘कॅट पीपल’वालाच. फरक असा की तो बसण्याआधी आपल्याला कामाला लावलेलं असतं. स्थिर, रुंद, रिकामी चौकट समोर ठेवली की डोळा ती भरायला बघतो. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये कुठे पाहायचं ते दिग्दर्शक ठरवतो. रुंद शॉटमध्ये ते आपल्यावर सोडलेलं असतं, आणि त्या शोधात आपण स्वतःला जितकं घाबरवतो तितकं कुठलाही मेकअपवाला घाबरवू शकत नाही.

२००७ च्या ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ने ही गोष्ट अगदी यंत्रासारखी वापरली. झोपायच्या खोलीत तिपाईवर ठेवलेला कॅमेरा, खाली कोपऱ्यात वेळेचे आकडे. आकडे भराभर पळतात, म्हणजे रात्र पुढे ढकललीय. मग ते नेहमीच्या गतीवर येतात. पहिल्या रात्री याचा अर्थ कळत नाही. तिसऱ्या रात्रीपर्यंत प्रेक्षक शिकलेला असतो: आकडे मंदावले, आता काहीतरी होणार. त्यानंतर दार इंचभर हललं तरी पुरतं. मला हा भाग फार हुशार वाटतो. आधी नियम शिकवायचा, मग त्या नियमावर प्रेक्षकाला टांगून ठेवायचं.

आणि नियम शिकवून तो मोडायचा, हे ‘जॉज’ने (१९७५) केलं. जॉन विल्यम्सचे ते दोन सूर वाजले की शार्क आला, हे पहिल्या काही मिनिटांतच पक्कं होतं. शार्क दिसत मात्र नाही, कारण यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत होता आणि स्पीलबर्गला त्याच्याशिवाय भागवावं लागलं. आता गंमत पाहा. दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून पाण्यात लोकांना पळवतात, तिथे ते सूर वाजत नाहीत. सिनेमा आपल्याशी प्रामाणिक राहतो, आपण त्या संगीतावर विश्वास टाकतो. मग बऱ्याच वेळाने पोलिसप्रमुख ब्रॉडी बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यात माशांचे तुकडे टाकत कुरकुरत असतो, आणि शार्क सूर न वाजताच समोर तोंड वर काढतो. विश्वासघात झाला. इथून पुढे शांत पाणीसुद्धा सुरक्षित वाटत नाही.

आवाजाबद्दल आणखी थोडं, कारण माझ्या मते भीतीच्या सिनेमात निम्म्याहून जास्त काम तोच करतो. ‘सायको’तला (१९६०) न्हाणीघरातला खून साधारण ४५ सेकंदांचा. हिचकॉकला तिथे संगीत नको होतं; संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही फक्त तंतुवाद्यांवर ती किंचाळी रचली आणि ती राहिली. ती कानाला का बोचते? प्राणी जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा स्वरयंत्र त्याच्या क्षमतेपलीकडे ताणलं जातं, आवाज फाटतो, उड्या मारतो. डॅनिएल ब्लमस्टाइन हे जीवशास्त्रज्ञ मार्मट नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या अशा हाकांवर काम करत होते; २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या, तेव्हा भयपटांत असे फाटलेले, कर्कश आवाज नेहमीपेक्षा जास्त सापडले. व्हायोलिनवर धनुकली दाबून ओढली की नेमकं तेच होतं.

दुसऱ्या टोकाला खर्ज, म्हणजे अगदी खालचा आवाज. ‘इरिव्हर्सिबल’च्या (२००२) सुरुवातीच्या अर्ध्या तासात साधारण २८ हर्ट्झची घरघर मिसळलेली आहे, त्याने अनेकांना मळमळल्यासारखं झालं. याला ‘न ऐकू येणारा आवाज’ म्हणायची पद्धत पडलीय, ती चूक. माणसाला २० हर्ट्झपासून ऐकू येतं. ऐकू येतं, पण लक्षात येत नाही, हे जास्त खरं. आणि ‘द शायनिंग’च्या (१९८०) एका प्रसंगात ना किंचाळी ना खर्ज. पोराची तीनचाकी सायकल हॉटेलच्या लाकडी फरशीवर खडखडते, गालिच्यावर गेली की आवाज गायब, परत फरशी, परत गालिचा. कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवरून मागे मागे. प्रत्येक शांततेत आपण वळणापलीकडे काय असेल ते ऐकायचा प्रयत्न करतो.

‘रिंगू’ या जपानी सिनेमातल्या (१९९८) सादाकोची, म्हणजे टीव्हीतून बाहेर येणाऱ्या त्या बाईची, चाल मात्र आवाजाने नाही, वजनाने घाबरवते. रिए इनो या अभिनेत्रीला उलट्या पावली, झटके देत चालवलं आणि चित्रीकरण उलटं फिरवलं. त्यामुळे ती पुढे येताना दिसते, पण पाऊल टेकायच्या आधीच भार सरकलेला असतो. आपण आयुष्यभर माणसं चालताना पाहिलेली असतात. काय बिघडलंय ते सांगता येत नाही, बिघडलंय हे मात्र लगेच कळतं. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये हेच मांडलं होतं: जवळजवळ माणसासारखं, पण पूर्ण नाही, अशा गोष्टीपाशी आपुलकी एकदम कोसळते, आणि ती गोष्ट हलणारी असेल तर आणखीच.

हिंदीत भयपट बराच काळ का फसत राहिले, याचं एक साधं कारण गाणं. चाळीस मिनिटं साठवलेली धास्ती एका गाण्यात सांडून जाते, मग पहिल्यापासून भरा. ‘भूत’मध्ये (२००३) गाणं नाही, आणि फ्लॅट, लिफ्ट, जिना एवढ्यावर तो चालतो. ‘तुंबाड’ (२०१८) वेगळ्या वाटेने जातो. तिथे हस्तर नावाच्या राक्षसापेक्षा सोन्यासाठी परत परत विहिरीत उतरणारा माणूस जास्त अस्वस्थ करतो. शेवटी सगळं समजावून सांगणं हा दुसरा रोग, आणि तो सगळ्या भाषांत आहे. भुताचा जन्म, मृत्यू, सूड असा बायोडेटा मिळाला की ते एक प्रकरण होतं, आणि प्रकरण मिटवता येतं.

आता पाहण्याबद्दल, कारण चांगला भयपट घरच्या टीव्हीवर मेला असं पुष्कळदा होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. कंपन्या त्याला निरनिराळी नावं देतात. ते चालू असलं की सेकंदाला २४ चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या चौकटी घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, बरंचसं आपोआप बंद होतं. अंधारातलं दिसत नाही म्हणून ब्राइटनेस चढवू नका, काळ्याचं करडं होतं आणि लपलेलं उघडं पडतं. त्यापेक्षा खोलीतले दिवे घालवा, पडद्यावर पडणारी झळक जाते. ५५ इंची टीव्ही असेल तर दोन मीटरच्या आसपास बसा. आवाजात ‘नाइट मोड’ असतो, तो लहान-मोठे आवाज एका पातळीवर आणतो. शांतताही गेली आणि धक्काही. सुरुवातीच्या संवादांना आवाज ठरवा आणि रिमोट दूर ठेवा. लॅपटॉपच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही, म्हणजे खर्जाची सगळी मेहनत वाया. साधे कान झाकणारे हेडफोन पुष्कळ बरे. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. रिकाम्या चौकटीत तीस सेकंद काही होत नाही म्हणून खाली बघितलंत, तर जे होणार होतं ते झालेलं असतं.

ज्यांना भीती वाटत असूनही सोबत म्हणून बसावं लागतं, त्यांनी हेच सगळं उलटं करावं: दिवा चालू, नाइट मोड चालू, लांबची खुर्ची. डोळे मिटण्यापेक्षा आवाज बंद करा. डोळे मिटले की कल्पना जोरात धावते. आवाज गेला की शार्क रबराचा होतो.

एका सिनेमात मात्र हा उपाय लागू पडत नाही. ‘द इनोसंट्स’ (१९६१). दिवसाढवळ्या, तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यांत काळ्या कपड्यांतली एक बाई उभी असते. किंचाळत नाही, धावून येत नाही, कॅमेराही तिच्यावर झडप घालत नाही. आवाज बंद करा, दिवे लावा, ती तशीच तिकडे उभी.