हिरवी जीटीओ, नोंद सातवी: दोन इंजिनं, एक गाडी

मार्च संपत आला तरी मिशिगनमध्ये माझ्या गॅरेजच्या दारापाशी बर्फाचा ढीग तसाच आहे. आत मात्र बरंच घडलं. चारशेचं (म्हणजे ४०० घन इंचांचं) इंजिन मशीन शॉपमधून परत आलं, पुढचे ब्रेक बदलून झाले, आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याचं काय करायचं यावर मी तिसऱ्यांदा मत बदललं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. गाडी १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ (पॉन्टिॲक हा जनरल मोटर्सचा, म्हणजे जीएमचा, तेव्हाचा ब्रँड), व्हर्डोरो ग्रीन रंगाची, ऑटोमॅटिक. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ बनल्या, तेव्हा दुर्मीळ वगैरे म्हणून मिरवण्यासारखं काही नाही. मी घेतली तेव्हा बॉनेटखाली १९७५-७६ च्या काळातलं ४५५ घन इंचांचं इंजिन बसलेलं होतं आणि तिचं मूळचं ४०० विकणाऱ्याच्या कोठारात ताडपत्रीखाली स्टँडवर होतं. पॉन्टिॲकच्या ३२६ पासून ४५५ पर्यंतच्या ब्लॉकचा बाहेरचा आकार एकच, त्यामुळे अशी अदलाबदल सोपी असते. माउंट जुळले की बसलं. कोठारात टॉर्च मारून ब्लॉकच्या पुढच्या तोंडावरची 'वायएस' ही अक्षरं (ऑटोमॅटिक जीटीओच्या ४०० चा कोड) वाचली, शेजारचा आकडा गाडीच्या नंबरशी ताडून पाहिला, तो जुळला आणि घासाघीस करायचं विसरलो. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या बिलाची प्रत नंतर मागवली. तिच्यातही तेच निघालं.

मग ४०० च परत बसवायचं, यात प्रश्न कुठला? प्रश्न पेट्रोलचा. १९६८ च्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) १०.७५, तेव्हाच्या शिसं घातलेल्या प्रीमियम पेट्रोलसाठी ठरवलेलं. आमच्या पंपावर सगळ्यात वरचं मिळतं ते ९३ ऑक्टेन. बिडाची हेडं, जोराचं ऊन आणि चढ लागला की नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) ठरलेलं. ठिणगीचं टाइमिंग मागे घेतलं तर आवाज थांबतो, पण गाडी आळसावते. याउलट ते 'चुकीचं' ४५५ कॉम्प्रेशन जेमतेम ७.६ असल्यामुळे साध्या पेट्रोलवरही निमूट चालतं. कागदावर त्याची ताकद २०० हॉर्सपॉवर आणि ४०० ची ३५० दिसते. पण १९७२ पासून मोजायची पद्धतच बदलली, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून भांडू नका. टॉर्क म्हणाल तर ४५५ ला काही कमी नाही.

पर्याय तीन होते. ॲल्युमिनियमची हेडं घालायची, म्हणजे उष्णता लवकर निघते आणि थोडं जास्त कॉम्प्रेशन खपतं. पण मग मूळची १६ नंबरची हेडं फळीवर जाणार. दुसरा पर्याय एका मित्राचा: नव्या जमान्यातलं एलएस इंजिन आणि सहा गिअर, 'एकदाचा मोकळा हो'. पॉन्टिॲकमध्ये शेवीचं (शेव्हरोलेचं) इंजिन म्हटल्यावर मी कानांवर हात ठेवले. त्यावर त्यानं आठवण करून दिली की २००४ साली जीटीओ हे नाव परत आणताना जीएमनं स्वतः हेच केलं होतं, तेही ऑस्ट्रेलियातून आणलेल्या गाडीत. मी विषय बदलला.

मी केलं ते तिसरं. सिलिंडर ०.०३० इंच बोअर केले, म्हणजे बोअर ४.१२ चा ४.१५ झाला आणि इंजिन ४०६ घन इंचांचं. पिस्टन वरून खोलगट घेतले, दर सिलिंडरला साधारण १५ सीसी जास्त जागा. कॉम्प्रेशन ९.३ च्या आसपास उतरतं. व्हॉल्व्हच्या सीट कडक घातल्या, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या सीट झिजतात. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही थोडा घासून घेतला. शेवीवाल्यांनो, इथं तुम्ही दचकाल, कारण तुमचा इंजिन नंबरचा शिक्का त्या पृष्ठभागावरच असतो आणि घासताना गाडीची जन्मखूण पुसली जाते. पॉन्टिॲकचा शिक्का पुढच्या तोंडावर असल्यानं तो वाचतो. तरी मी मशीन शॉपवाल्याला तीनदा बजावलं. शिक्का त्यांनी जपला. रंग मात्र कुणीही सांगितलेलं नसताना शेवीच्या नारिंगीत मारून ठेवला! दोन शनिवार थिनर आणि तारेचा ब्रश. आता निळा आहे, हवा तसा.

'पिस्टन बदललेस, मग ती ओरिजिनल कसली?' असं कुणीतरी विचारणारच. रॉयल ओकच्या रॉयल पॉन्टिॲक या डीलरकडे त्या काळात 'बॉबकॅट' नावाचं काम करून मिळायचं: पातळ हेड गॅस्केट, कार्बोरेटरचे मोठे जेट, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स बदललेला. डीलरच नव्या गाडीचं कॉम्प्रेशन वाढवून द्यायचा, मी पन्नासेक वर्षांनी ते कमी करतोय. या गाड्या अस्पर्श राहाव्यात म्हणून कुणी विकतच घेतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीच क्रेगर कंपनीची चाकं लागायची, हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) लागायचे. आपल्याकडे चेतक शोरूममधून घरी आली की दुसऱ्या दिवशी बाबा गार्ड, सीट कव्हर आणि स्टेपनीचं कव्हर घालून आणायचे, तसंच.

माझा फरक इतकाच आहे की बोल्टनं लागतं ते बोल्टनं निघतं. पुढचे ड्रम काढून डिस्क लावले, स्पिंडलसकट. जुने ड्रम, शू, स्प्रिंगा सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर मराठीत चिठ्ठी (बायको म्हणते, पुढच्या गोऱ्या मालकानं वाचायचं कसं?). चारही ड्रमवर ही जड गाडी दोनदा जोरात थांबवून बघितली होती. तिसऱ्यांदा बघायची हौस नाही.

आता पत्रा. आधीच्या कुणीतरी रुंद टायर बसावेत म्हणून मागच्या दोन्ही चाकांवरची कड कापून गोल केली आहे. आधी वाटलं, जोडून टाकू. मग वाटलं, राहू दे, तोही गाडीचा इतिहासच. डॅशखाली त्याच माणसानं लावलेली तीन घड्याळं (म्हणजे मीटर) मी ठेवतोच आहे, ती स्क्रूवर आहेत आणि छान दिसतात. पण या महिन्यात पुटी खरवडली तर आत गंज. बाहेरचा पत्रा आणि चाकाच्या आतली कमान जिथं दुमडून एकत्र येतात तीच घडी त्यानं कापली, आणि पाण्याला वाट मिळाली. तेव्हा कड नव्यानं वेल्ड होणार. तत्त्वाचा नाही, गंजाचा निर्णय.

४५५ आता स्टँडवर, त्याच ताडपत्रीखाली. दोन जणांनी भाव विचारलाय, अजून हो म्हटलेलं नाही.

उरलेलं मोठं काम हेडलाइटच्या झाकणांचं. ती इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतात. विजेच्या मोटरवर न्या, कटकट संपेल, असं सगळेच सांगतात. ब्रेकच्या बाबतीत ऐकलं, इथं नाही ऐकणार. न उघडलेल्या झाकणानं फार तर फजिती होते. सध्या डावं झाकण उजव्याच्या चार सेकंद मागून उघडतं, डोळा मारल्यासारखं. ऑगस्टमध्ये वुडवर्डवर (डेट्रॉइटचा रस्ता, तिथं जुन्या गाड्यांचा मेळा भरतो) न्यायच्या आधी नळ्या बदलायच्या आहेत. काल मुलगी म्हणाली, तेवढं दुरुस्त करू नकोस.