एका डोसला खर्च किती येतो? तुम्ही विचारलंत म्हणून

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत, नात्यातल्या लग्नांत, ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्येसुद्धा हा प्रश्न मला गाठतो: "ताई, खरं सांगा, एका डोसला खर्च किती येतो?" एप्रिल २०२१ मध्ये कोव्हिशिल्डचे दर निघाले. केंद्राला १५० रुपये, राज्यांना आधी ४०० आणि लगेच ३००, खासगी रुग्णालयांना ६००. तेव्हापासून या प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं. पाच-दहा रुपयांचं पाणी, बाकी लूट. रबाळ्याच्या एमआयडीसीत मी लशींच्या कंपनीत उमेदीची वर्षं घालवली, म्हणजे त्या लुटीत माझाही हात, असं काही जणांना वाटतं. ते मला लागतं. म्हणून एकदाच नीट लिहिते.

कुपीतल्या थेंबांना फारसा खर्च येत नाही, हे मी नाकारत नाही. खर्च होतो तो इतरत्र. भरणीच्या खोलीची हवा गाळणारी यंत्रणा रात्रंदिवस चालते. त्या दिवशी एकही कुपी भरली नाही तरी तिचं बिल येतंच. प्रत्येक बॅचचे, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचे, नमुने आणि कागद कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जातात आणि तिथून मंजुरी येईपर्यंत सगळा माल २ ते ८ अंशांत पडून राहतो. आणि काही बॅचेस फेकाव्या लागतात.

अशी एक बॅच मी फेकायला लावली. धनुर्वाताची लस होती, सरकारी टेंडरची. मी क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, स्टरिलिटी (निर्जंतुकता) बघायचे. लशीत जिवंत जंतू नाही ना, हे तपासायला नमुना पोषक द्रवात घालून १४ दिवस ठेवतात. धनुर्वाताची लस मुळातच गढूळ, कारण तिच्यात ॲल्युमिनियमचं जेल असतं. नळीतला गढूळपणा लशीचा की जंतूचा, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून १४ दिवसांनी त्यातलं थोडं ताज्या द्रवात घालायचं आणि आणखी किमान ४ दिवस वाट पाहायची. त्या दुसऱ्या खेपेत एक नळी ढगाळली. स्लाइडवर बीजाणू धरणारे दंडाकृती जंतू दिसले. असे जंतू मातीत असतात, धुळीत असतात, माणसाच्या कपड्यांवरही येतात.

नियम सरळ आहे. चूक प्रयोगशाळेतच झाली हे सिद्ध झालं तर चाचणी पुन्हा करता येते. सिद्ध झालं नाही तर बॅच बाद. टेस्ट केली होती एका नव्या मुलीने, कळव्याहून यायची, कंत्राटावर होती. वरून निरोप आला, तिची चूक दाखवा, ग्लोव्ह फाटला होता असं लिहा, पुन्हा टेस्ट करू, माल वेळेत जाईल. मला केबिनमध्ये बसवून टेंडरची तारीख दाखवली, उशिराच्या दंडाचं कलम दाखवलं. मी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी काढल्या. हवेतले जंतू पकडायच्या प्लेट्स स्वच्छ, तिच्या ग्लोव्हच्या प्लेट्स स्वच्छ, निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे लस न घातलेली नळी, तीही स्वच्छ. जे घडल्याची नोंद नाही ते मी कसं लिहिणार? मी लिहिलं नाही. बॅच गेली, दंड बसला, दुसऱ्या पाळीचे कंत्राटी कामगार कमी केले. त्यांत तीही होती. जायच्या दिवशी तिने विचारलं, "मॅडम, माझ्याच हातून झालं असेल का हो?" मी म्हटलं, "नोंदी तसं म्हणत नाहीत." तिला ते पुरलं नाही, मलाही पुरलेलं नाही. एका नळीवरून अख्ख्या बॅचबद्दल छातीठोक कोण सांगणार? कदाचित सगळा माल चांगलाच होता. पण ती सुई कुणाच्या तरी बाळंतपणाआधी दंडात जाणार होती. मी आजही तशीच सही करीन.

तर काका, तुमच्या डोसच्या दरात ती बॅच आहे.

आता माझ्याच बाजूला जे अडचणीचं आहे ते. खर्चाचा हिशोब आमच्या विभागात कधी आला नाही. बॅचचा सगळा इतिहास सरकारला दाखवावा लागतो. मग सरकारचा पैसा घेणाऱ्याने खर्चाचा कागदही दाखवायला हवा. आणि एकच कुपी केंद्राला एका दराने, महाराष्ट्राला दुप्पट दराने, याचं समर्थन मी कुणासमोर केलं नाही. मे २०२१ मध्ये साठा नाही म्हणून राज्याला १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवावं लागलं होतं, हे विसरू नका.

पण तेव्हाही सगळे कंपनीलाच बोलत होते, सरकारने आधी काय केलं हे कुणी विचारत नव्हतं. लस चालेल की नाही हे ठाऊक नसताना अमेरिकेने मे २०२० मध्येच ॲस्ट्राझेनेकाला (कोव्हिशिल्ड मुळात त्यांचीच लस) १२० कोटी डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं. आपल्या केंद्राची पहिली ऑर्डर जानेवारी २०२१ ची, १ कोटी १० लाख डोसची. परळच्या हाफकिन या राज्य सरकारच्या कंपनीला कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट डोक्यावरून जात असताना. तिथे जिवंत विषाणू वाढवायचा, म्हणजे बीएसएल-३ दर्जाची, विषाणू बाहेर निसटणार नाही अशी बंदिस्त जागा हवी. ती आधी बांधून ठेवायची असते.

"मग सरकारी कारखाने का बंद पाडले?" हेही विचारता. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडीच्या सरकारी लस-कारखान्यांचे परवाने जीएमपी, म्हणजे औषध बनवताना पाळायचे दर्जाचे नियम, पाळले जात नाहीत म्हणून निलंबित झाले. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये ठणकावून म्हटलं होतं, बरोबर केलं. स्टरिलिटी बघणाऱ्या बाईने दुसरं काय म्हणायचं? पण आपल्या बाळांच्या लशींचा मोठा वाटा तिथून येत होता. उत्पादन चालू ठेवून टप्प्याटप्प्याने दुरुस्ती का नाही केली, असं आता मी त्या कॅन्टीनमधल्या बाईला विचारते. ती म्हणते, दुरुस्ती होईपर्यंत निघणाऱ्या कुपीवर सही तू करशील का? २०१० मध्ये परवाने परत मिळाले, पण आमचं भांडण मिटलेलं नाही.

सरकारी कारखाने हवेत, असंच माझं मत आहे. तरी ती बॅच आठवते. आमच्या मालकाने मला नको ते बोलून घेतलं, पण बॅच फेकली. सरकारी कारखान्यात लेखापरीक्षकाने विचारलं असतं, एका नळीसाठी लाखोंचा माल का जाळला? तिथल्या माझ्यासारखीच्या पाठीशी कोण उभं राहिलं असतं, हे मला कुणीतरी सांगा.